घड्याळाच्या जागी गेज: ‘अर्धा तास, पाचशे रुपये’ म्हणणाऱ्यांसाठी

गाडीवेड्यांच्या ग्रुपांवर एक मेसेज बरेच दिवस फिरतोय. सारांश असा: डॅशबोर्डवरचं जुनं घड्याळ काढून टाका, त्या खाचेत ईएसपी३२ (वायफाय असलेला छोटा कंट्रोलर बोर्ड) आणि छोटी ओलेड स्क्रीन बसवा. घड्याळाच्या वायरीत १२ व्होल्ट आहेतच, ७८०५ (व्होल्टेज ५ वर आणणारी चिप) लावला की ५ व्होल्ट तयार. वेळ, बॅटरीचं व्होल्टेज, इंजिनचं आणि बाहेरचं तापमान, उंची, सगळं एकाच गेजवर, म्हणजे मापं दाखवणाऱ्या पडद्यावर. खर्च पाचशे रुपये, वेळ अर्धा तास, एकही वायर कापायची नाही. सोबत व्हिडिओ. स्क्रीनवर आकडे झळकतायत आणि मागे मोबाईलचा चार्जर दिसतोय. म्हणजे ज्या गेजचं कौतुक चाललंय ते गाडीत बसलेलंच नाही.

कल्पना वाईट नाही. माझ्या २००७ च्या डिझेल गाडीत मी असंच गेज बनवलं आणि ते आजही चालतंय. पण त्याला चार महिन्यांचे रविवार गेले, आणि खर्च दोन हजारांच्या पुढे. वेळ कशात गेला, ते मेसेजच्याच क्रमाने सांगतो.

‘१२ व्होल्ट आहेतच.’ गाडीत १२ व्होल्ट फक्त बॅटरीच्या लेबलवर असतात. भरलेली बॅटरी गाडी उभी असताना १२.६ दाखवते, इंजिन चालू झालं की १३.८ ते १४.४, आणि थंडीत पहाटे सेल्फ मारला की क्षणभर सात-आठपर्यंत खाली येते. खरी भीती वरच्या बाजूची. ऑल्टरनेटर जोरात चार्ज करत असताना बॅटरीचं टर्मिनल सुटलं, तर लाईनवर मोठी उसळी येते. आयएसओ १६७५०-२ या मानकात १२ व्होल्टच्या गाडीसाठी ती ७९ ते १०१ व्होल्ट धरली आहे. ऑल्टरनेटरमध्ये ती दाबायची सोय असेल तर ३५. आणि ७८०५ ची सहनशक्ती संपते बरोबर ३५ ला. शिवाय आपल्याकडे हायवेवर बॅटरी बसली की मदतीला थांबतो तो ट्रकवाला. त्याची सिस्टीम २४ व्होल्टची. जंपर लावताना तो तुमच्या गेजचा विचार करणार आहे का?

उष्णतेचा हिशेबही करून बघा. १४.२ मधून ५ वजा केले की ९.२ व्होल्ट ७८०५ ला जाळून टाकावे लागतात. वायफाय चालू असलेला ईएसपी३२ आणि स्क्रीन मिळून १५० मिलिअँपिअर धरले, तर १.४ वॅट झाले. हीटसिंक नसेल तर दर वॅटमागे सुमारे ६५ अंशांनी चिप तापते, म्हणजे नव्वद अंश नुसती वाढ. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डमागे साठ अंश आधीच असतात. बेरीज दीडशे. एवढ्यावर चिप स्वतःलाच बंद करते. पंख्याखाली टेबलावर हे कधीच दिसणार नाही.

मी काय केलं: लाईनच्या सुरुवातीलाच एक अँपिअरचा फ्यूज, मग उलट्या जोडणीपासून वाचवणारा डायोड, मग उसळी गिळणारा २४ व्होल्टचा टीव्हीएस डायोड, आणि फारसा न तापता व्होल्टेज उतरवणारा, ४० व्होल्टपर्यंत चालणारा बक कन्व्हर्टर. हे सगळं पुण्यात बुधवार पेठेत तापकीर गल्लीत एका फेरीत मिळालं. बाकी काही गाळलंत तर सर्किट जाईल. फ्यूज गाळलात तर गाडी पेटेल, म्हणून तेवढ्यावर मी वाद घालत नाही.

‘घड्याळाचीच वायर वापरा.’ कोणती? घड्याळाच्या सॉकेटमध्ये बहुधा चार वायरी येतात: बॅटरीची कायम चालू, चावी फिरवल्यावर चालू होणारी, पार्किंग लाईटची आणि अर्थ. व्हिडिओतले गृहस्थ खुशाल कायम चालू असलेली घ्या म्हणतात, कारण ‘वेळ पुसली जाणार नाही’. मूळ घड्याळ त्या वायरीतून जेमतेम काही मिलिअँपिअर घेतं. तुमचं गेज ८० घेत असेल तर दिवसाला जवळजवळ दोन अँपिअर-अवर. पस्तीस अँपिअर-अवरच्या बॅटरीची गाडी सोसायटीत लावून दहा दिवस गावाला जा. परत आल्यावर सेल्फचा ‘टक्’ एवढाच आवाज ऐकायला मिळेल.

त्यामुळे गेज चावीच्या वायरीवर घ्या आणि वेळेसाठी डीएस३२३१ या घड्याळ-चिपचं वेगळं मॉड्यूल लावा. ते वर्षाला एखाद्या मिनिटाने चुकतं. त्यातही एक मेख आहे. बाजारात मिळणाऱ्या निळ्या मॉड्यूलवर बटण-सेल चार्ज करायची सोय असते, आणि आपण त्यात टाकतो सीआर२०३२, जो चार्ज करायचा नसतोच. ५ व्होल्टवर चालवलं की तो फुगू शकतो. सेलजवळ ‘२०१’ लिहिलेला बारीक रेझिस्टर असतो, तो सोल्डरिंग आयर्नने उचलून टाका. दोन मिनिटांचं काम.

‘इंजिनचं तापमान दिसेल.’ खरं तर गेज बनवायचं माझं कारण हेच होतं. बऱ्याच गाड्यांत कंपनीचा तापमानाचा काटा मुद्दाम मध्यावर धरून ठेवलेला असतो. मधल्या मोठ्या पट्ट्यात तो हलतच नाही आणि हलतो तेव्हा उशीर झालेला असतो. खंबाटकी घाट चढताना एसी बंद करावा का, हे तो काटा सांगत नाही.

मेसेजमध्ये सुचवलंय की डीएस१८बी२० हा तापमानाचा सेन्सर रेडिएटरच्या वरच्या पाईपला बांधा. मी बांधला, वर टेप गुंडाळली आणि घाटाकडे निघालो. ३१, ५४, ७८ आणि मग ८५. घाटभर ८५. थर्मोस्टॅट काय सुरेख काम करतोय, म्हणून मी मेकॅनिकला फोन करून सांगितलं. वर चहाला थांबलो, वीस मिनिटांनी चावी फिरवली, ८५. दुसऱ्या दिवशी सकाळी बोनेटवर दव होतं, हात लावला तर पाईप थंडगार. स्क्रीनवर ८५.

डीएस१८बी२० ला वीज मिळाली आणि त्याने अजून मोजमाप केलं नसेल, तर त्याच्या मेमरीत आधीपासून ठेवलेला आकडा असतो ८५. घाटाच्या हादऱ्यांनी त्याची पॉझिटिव्ह वायर ढिली झाली होती आणि तो मोजायचं सोडून तोच आकडा ओकत होता. दुसरा कुठलाही आकडा असता तर मला लगेच संशय आला असता. पण निरोगी इंजिनचं तापमान नेमकं तेवढंच असतं! त्या दिवशी पाईप फुटला असता तरी माझं गेज ‘सगळं छान’ म्हणत राहिलं असतं. कंपनीचा सुस्त काटा निदान कधीतरी वर तरी गेला असता.

आता पाईपमध्ये टी-जोड घालून वेगळा सेन्सर बसवलाय, थेट कूलंटमध्ये बुडलेला. पाईपच्या बाहेरून मोजलेलं तसंही कमीच येतं. कंपनीच्या सेन्सरच्या वायरीवर मात्र टॅप मारू नका, इंजिनच्या कॉम्प्युटरचं माप बिघडतं. आणि माप अशक्य वाटलं किंवा वायर तुटली, तर स्क्रीनवर आकडा नाही, फक्त दोन रेघा.

‘नवीन गाडीत ओबीडीतून सगळं मिळतं.’ ओबीडी म्हणजे मेकॅनिक तपासणीचं यंत्र जोडतो ते सॉकेट. सगळं नाही. कूलंटचं तापमान, आरपीएम, वेग हे सहसा मिळतं. ऑइलचं प्रेशर हवंय? बऱ्याच गाड्यांत त्याचा सेन्सरच नसतो. असतो तो नुसता स्विच, दिवा लावणारा. तो काय आकडा देणार? माझ्या गाडीला तर ते सॉकेटच नाही, म्हणून इथे जास्त बोलत नाही.

‘बाहेरचं तापमान आणि अचूक उंची.’ डीएस१८बी२० ची जागा इथे: पुढच्या बंपरच्या खालच्या बाजूला, सावलीत. तरी सिग्नलला उभे राहिलात की इंजिनची धग येऊन आकडा चढणारच.

उंची बीएमपी२८० हा सेन्सर हवेच्या दाबावरून काढतो, म्हणजे समुद्रसपाटीचा दाब १०१३.२५ हेक्टोपास्कल धरून. कोकणात जुलैमध्ये तो १००५ च्या आसपास उतरलेला असतो, आणि एका हेक्टोपास्कलला साडेआठ मीटरचा फरक पडतो. रत्नागिरीला भाट्याच्या किनाऱ्यावर, लाटांचा आवाज ऐकत, माझी गाडी समुद्रापासून सत्तर मीटर उंचावर होती. घाट किती चढलो हे मोजायला तो ठीक आहे. ‘अचूक’ हा शब्द तेवढा काढा.

‘अर्धा तास.’ नुसती चौकट बसवायला मला तीन रविवार लागले. पहिली पीएलए या प्लॅस्टिकमध्ये थ्रीडी प्रिंट केली होती. पीएलए साठ अंशांना मऊ पडतं. एप्रिलच्या एका दुपारनंतर ती चौकट जिभेसारखी लोंबत होती. दुसरी एएसए या जास्त उष्णता सोसणाऱ्या प्लॅस्टिकमध्ये केली, ती टिकली. खरं तर प्रिंटही लागत नाही. जुन्या बाजारात त्याच मॉडेलचं बंद पडलेलं घड्याळ शोधा, त्याचं कवच आणि सॉकेट दोन्ही वापरा. मूळ घड्याळ आणि मूळ वायरी शाबूत राहतात. ‘एकही वायर कापायची नाही’ हा दावा खरा करायचा तेवढाच मार्ग आहे आणि मेसेजमध्ये नेमका तोच नाही.

स्क्रीनचं थोडक्यात: भर उन्हात ओलेड फिकी पडते, रात्री डोळ्यात घुसते. पार्किंग लाईटच्या वायरीवरून उजेड कमी-जास्त करा. तेच आकडे त्याच जागी महिनोन् महिने राहिले तर त्यांचे ठसे उमटतात, म्हणून अधूनमधून चित्र एक-दोन ठिपके सरकवत ठेवा.

‘आणि घड्याळ तर राहतंच.’ माझ्या पहिल्या आवृत्तीत पाच पानं होती. बटण दाबलं की पुढचं पान, आणि वेळ तिसऱ्या पानावर. आईला पंढरपूरला घेऊन चाललो होतो. वाटेत ती म्हणाली, ‘अरे, किती वाजले?’ मी एकदा बटण दाबलं, व्होल्टेज. दुसऱ्यांदा, उंची. तिसऱ्यांदा दाबेपर्यंत तिने पर्समधून मोबाईल काढून वेळ बघितली होती आणि विचारत होती, ‘इथं आधी घड्याळ होतं ना रे?’

आता वेळ प्रत्येक पानाच्या वरच्या कोपऱ्यात असते.