आम्ही वेळ मागितला होता, वर्गणी नाही

गेल्या विधानसभा निवडणुकीच्या वेळची, म्हणजे नोव्हेंबर २०२४ मधली गोष्ट आहे. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावात एक जुने वाचनालय आहे आणि त्याच्या कार्यकारिणीत मी बरीच वर्षे काम करतो. मतदानाला १५ दिवस असताना आम्ही ठरवले, की मतदारसंघातल्या प्रमुख उमेदवारांना एकाच संध्याकाळी वाचनालयात बोलवायचे, प्रत्येकाला १० मिनिटे बोलू द्यायचे आणि उरलेला वेळ गावकऱ्यांच्या प्रश्नांना द्यायचा. प्रश्न आधी जमावेत म्हणून टेबलावर एक वही ठेवली. चार दिवसांत तिच्यात ३१ प्रश्न लिहिले गेले. उपसा सिंचनाचे आवर्तन, म्हणजे पाण्याची पाळी, शेवटच्या गावापर्यंत का पोहोचत नाही, ग्रामीण रुग्णालयात रात्री बाळंतपणासाठी डॉक्टर का नसतो, उसाचे बिल कायद्याप्रमाणे १४ दिवसांत का मिळत नाही, जिल्हा परिषदेच्या शाळेत एकट्या शिक्षकाने चार वर्ग कसे सांभाळायचे, असे ते साधे प्रश्न होते.

एका मोठ्या उमेदवाराच्या संपर्क कार्यालयात पत्र घेऊन आम्ही तिघे गेलो. तिथल्या कार्यकर्त्याने पत्र पूर्ण वाचले, आम्हाला चहा दिला आणि म्हणाला, "सर, साहेबांना असल्या कार्यक्रमाला वेळ काढता येणार नाही. पण वाचनालयाला काही मदत लागत असेल तर मोकळेपणानं सांगा, दोन दिवसांत होऊन जाईल."

त्याच्या बोलण्यात उर्मटपणा नव्हता. त्याला खरोखर आमचे काम करायचे होते, आणि कोणी दारात आले म्हणजे ते काहीतरी मागायलाच आले असणार, एवढाच त्याचा अनुभव होता. आम्ही त्याच्या साहेबांचा एक तास मागत होतो आणि तो तास सोडून बाकी सगळे द्यायला तो तयार होता. दुसऱ्या एका उमेदवाराकडून होकार आला, पण आदल्या रात्री निरोप आला की जमणार नाही. शेवटी दोनच उमेदवार आले आणि ज्यांच्या निवडून येण्याची शक्यता होती, त्यांपैकी त्यांत कोणी नव्हता.

तेव्हापासून माझे मत पक्के झाले आहे, की उमेदवारांनी प्रश्नोत्तरे टाळणे आणि निवडणुकीतला मोठा पैसा हे दोन वेगळे विषय नाहीत. ज्याच्याशिवाय निवडून येणे अशक्य आहे त्याच्यासाठी उमेदवार वेळ काढतोच, मग तो मध्यरात्री असो की प्रचाराच्या शेवटच्या दिवशी असो. पैसा देणाऱ्याला बंद खोलीत बसून "माझ्या कामाचे काय" असे विचारता येते आणि उत्तरही मिळते. मत देणाऱ्याच्या वाट्याला सभा येते, आणि सभेत प्रश्न विचारायची सोयच नसते. १८ ऑक्टोबर २०१९ रोजी साताऱ्यात भर पावसात झालेली शरद पवारांची सभा आपल्या जिल्ह्यात अजून सांगितली जाते, आणि तिने लोकांच्या मनाला हात घातला हे मीही नाकारत नाही. तरी सभेचे स्वरूपच असे असते, की तिथे एकाने बोलायचे आणि हजारोंनी ऐकायचे. कोणत्याही पक्षाची सभा असो, खालच्या माणसाच्या हातात माईक जात नाही.

या दोन गोष्टींचा संबंध सर्वोच्च न्यायालयाच्याही नजरेतून सुटलेला नाही. नाव गुप्त ठेवून पक्षांना देणगी देता येणारी निवडणूक रोखे योजना जानेवारी २०१८ मध्ये लागू झाली आणि १५ फेब्रुवारी २०२४ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ती घटनाबाह्य ठरवून रद्द केली. कोण कोणाला पैसे देतो हे मतदाराला कळले पाहिजे, तो त्याच्या माहितीच्या अधिकाराचा भाग आहे, हे त्या निकालाचे मुख्य सूत्र होते. त्याच निकालात न्यायालयाने असेही म्हटले आहे, की आर्थिक मदतीमुळे देणगीदाराला लोकप्रतिनिधींपर्यंत पोहोचण्याची वाट मिळते, धोरण ठरवणाऱ्यांच्या शेजारी बसायला जागा मिळते. ते वाचताना मला आमचे पत्र आठवले. तीच जागा आम्ही एका संध्याकाळपुरती मागत होतो.

नंतरचा घटनाक्रमही विसरण्याजोगा नाही. रोख्यांचा तपशील द्यायला ते विकणाऱ्या स्टेट बँकेने ३० जूनपर्यंत, म्हणजे लोकसभा निवडणूक उरकेपर्यंत मुदत मागितली होती. न्यायालयाने ती नाकारली, म्हणून १४ मार्च २०२४ रोजी निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर रोखे घेणाऱ्यांची नावे आली. लॉटरीच्या व्यवसायातल्या एकाच कंपनीने १,३६८ कोटी रुपयांचे रोखे घेतल्याचे त्यात दिसले. मोठी सरकारी कामे घेणाऱ्या कंपन्याही त्या यादीत वरच्या क्रमांकावर होत्या. सातारा आणि सांगलीत ७ मे रोजी मतदान झाले, म्हणजे आपल्यापुढे जवळजवळ दोन महिने होते. त्या दोन महिन्यांत मी दोन्ही बाजूंच्या सभा ऐकल्या आणि माझ्या कानावर पडलेल्या एकाही भाषणात उमेदवाराने स्वतःच्या पक्षाच्या देणगीदारांविषयी चकार शब्द काढला नाही. आपल्या मतदानानंतर दोनच दिवसांनी, ९ मे रोजी, निवृत्त न्यायमूर्ती मदन लोकूर आणि ए. पी. शहा यांनी ज्येष्ठ पत्रकार एन. राम यांच्यासह नरेंद्र मोदी आणि राहुल गांधी या दोघांना जाहीर चर्चेचे निमंत्रण पाठवले. राहुल गांधींनी तयारी दाखवली, पण ती चर्चा झाली नाही. मी हे एका पक्षाच्या बाजूने लिहीत नाही. राज्यात आणि तालुक्यात माझा अनुभव असा आहे, की जो पुढे असतो तो चर्चा टाळतो आणि जो मागे असतो तो चर्चेचे आव्हान देतो. पुढच्या निवडणुकीत जागा बदलल्या की भूमिकाही बदलतात.

पण दिल्लीचे आकडे वाचून संतापणे सोपे आहे. आपल्या भागात देणगीदार, ठेकेदार आणि उमेदवार ही तीन माणसे अनेकदा एकाच घरातली असतात, आणि त्यावर बोलणे खरे अवघड आहे. कारखाना, पतसंस्था, दूध संघ, शिक्षण संस्था आणि रस्त्यांची कामे ज्यांच्या हाती असतात, त्यांना बाहेरच्या देणगीची फारशी गरज उरत नाही. ज्याच्या कारखान्याकडे आपले बिल थकलेले आहे, तोच हात जोडून मत मागायला येतो. अशा वेळी शेतकऱ्याने बिलाचा प्रश्न विचारावा म्हटले, तर तो आधी मनात हिशोब करतो, की उद्या उसाची तोड लांबली आणि तोडीची चिठ्ठी देणारा कारखान्याचा चिटबॉय शिवाराकडे फिरकलाच नाही तर उभा ऊस वाळेल. आमच्या वहीतला उसाचा प्रश्न ज्याने लिहिला, त्याने खाली नाव घातले नव्हते. बाकी बहुतेकांनी घातले होते.

प्रश्न दाबण्याची सवयही आपल्याला याच संस्थांत लागली आहे. कारखान्याच्या वार्षिक सर्वसाधारण सभेला जे गेले आहेत त्यांना वेगळे सांगायला नको. विषय वाचायला सुरुवात होते न होते तोच समोरच्या रांगांतून "मंजूर, मंजूर" असा गजर होतो, अहवालातल्या कर्जाच्या आकड्यावर बोलू पाहणारा सभासद हात वर करून उभा राहतो आणि त्याचा आवाज पोहोचायच्या आत राष्ट्रगीत सुरू होते. तो सभासद संस्थेचा मालक असतो. स्वतःच्या मालकीच्या संस्थेत ज्याला दोन मिनिटे मिळत नाहीत, त्याला आमदारकीच्या उमेदवाराकडे तासभर मागण्याचा धीर कुठून यावा?

उमेदवाराच्या खर्चाला मर्यादा आहे, असे काही मित्र सांगतात. ती आहेच. जानेवारी २०२२ पासून आपल्या राज्यात विधानसभेसाठी ४० लाख आणि लोकसभेसाठी ९५ लाख रुपयांची मर्यादा आहे. चहा, खुर्ची, मांडव, वाहन यांचे दर ठरलेले असतात आणि निकालानंतर ३० दिवसांत हिशोब द्यावा लागतो. मात्र पक्षाने स्वतःच्या प्रचारावर किती खर्च करावा याला कायद्यात मर्यादाच नाही. पक्षाने विशिष्ट उमेदवारासाठी केलेला खर्च त्या उमेदवाराच्या खात्यात धरावा, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९७४ मध्ये कंवरलाल गुप्ता खटल्यात दिला होता. संसदेने लगेच कायदा बदलून तो निष्प्रभ केला. मतांसाठीच्या ज्या पैसेवाटपाला आपण सगळे 'लक्ष्मीदर्शन' म्हणतो, ते तर कोणत्याच वहीत येत नाही. या शब्दाचे मला फार दुःख होते, कारण त्या व्यवहाराला देवीचे नाव देऊन आपण स्वतःच्याच मनाची समजूत घातली आहे.

चर्चेविरुद्धचा एक आक्षेप मला गंभीर वाटतो. जाहीर चर्चेत वाक्पटू माणूस जिंकेल आणि कामाचा, पण कमी बोलणारा माणूस मागे पडेल, असे आमच्याच कार्यकारिणीतले एक ज्येष्ठ सदस्य म्हणाले. यात तथ्य आहे. टीव्हीवरच्या आरडाओरड्याला चर्चा म्हणायचे असेल तर ती मलाही नको. पण गावात पाण्याच्या आवर्तनाविषयी विचारले असता कोणाला त्या कालव्याची माहिती आहे आणि कोणी नुसते शब्द फिरवतो, हे आपल्या लोकांना पाच मिनिटांत कळते. त्यासाठी वक्तृत्वाची परीक्षा घ्यावी लागत नाही. शिवाय हे आपल्याला नवे नाही. सरपंचाला वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात, तिथे जमाखर्च मांडावा लागतो आणि ज्याच्या घरासमोरचे गटार तुंबले आहे त्याचेही ऐकून घ्यावे लागते. लाखभर रुपयांच्या कामासाठी सरपंच गावासमोर उभा राहतो. कोट्यवधींच्या कामांवर ज्याचा शब्द चालतो, त्या आमदाराला आणि खासदाराला मतदारांसमोर असे बसायला लावणारा कोणताही कायदा नाही.

पैशाशिवाय निवडणूक होत नाही हेही मला मान्य आहे. पैसा कोणाकडून आणि किती आला हे कळावे, एवढाच माझा आग्रह आहे. कर्मवीर भाऊरावांनी १९१९ मध्ये कराड तालुक्यातल्या काले गावी रयत शिक्षण संस्था सुरू केली आणि घराघरांतून मूठ-मूठ धान्य मागितले, म्हणून तिच्या वसतिगृहावर लोकांनी आपला हक्क मानला. १९५७ मध्ये याच साताऱ्याने क्रांतिसिंह नाना पाटलांना लोकसभेत पाठवले. त्यांच्या पाठीशी कारखाना नव्हता की ठेकेदार नव्हता. तो काळ वेगळा होता हे मी जाणतो, पण ज्याच्या मुठीतले धान्य गेले त्याला विचारण्याचा हक्क मिळतो, हे आजही तितकेच खरे आहे.

देऊ केलेल्या मदतीचे काय करायचे यावर आमच्या कार्यकारिणीत दोन बैठका झाल्या. वाचनालयाचे पत्रे गळतात, पावसाळ्यात जुन्या ग्रंथांची कपाटे हलवावी लागतात, त्यामुळे पैसे घ्यावेत असे म्हणणारे चार जण होते, आणि त्यांना मी दोष देत नाही. नकोच म्हणणारे आम्ही पाच होतो. एका मताने तो विषय मागे पडला आणि पुढच्या पावसाळ्यात कपाटे पुन्हा हलवावी लागली.

निकालानंतर ते ३१ प्रश्न स्वच्छ अक्षरात उतरवून आम्ही सर्व उमेदवारांना पोस्टाने पाठवले. आलेल्या दोघांपैकी एकाने, अनामत रक्कमही गमावलेल्या उमेदवाराने, दोन पानांचे उत्तर हाताने लिहून पाठवले. पाण्याच्या प्रश्नावर त्यांनी लिहिले आहे, की लाभक्षेत्राचा नकाशा त्यांनी पाहिलेला नाही आणि तो पाहिल्याशिवाय आश्वासन देणे योग्य होणार नाही. ते पत्र वाचनालयाच्या फलकावर लावलेले आहे. बाकी कोणाचे उत्तर आलेले नाही.

पुढच्या वेळी मतदानाच्या १५ दिवस आधी धावपळ करण्याऐवजी उमेदवारी जाहीर होण्यापूर्वीच सर्व पक्षांच्या तालुका कार्यालयांना पत्रे द्यायची आणि शेजारच्या पाच-सहा गावांनी मिळून एकच कार्यक्रम घ्यायचा असे चालले आहे, म्हणजे एका गावाकडे पाठ फिरवणे जितके सोपे गेले तितके सहा गावांकडे फिरवणे जाणार नाही. सातारा किंवा सांगली जिल्ह्यात कोणी असा कार्यक्रम पार पाडला असेल, तर आचारसंहितेच्या काळात परवानगी कशी मिळवली, खर्च कोणत्या उमेदवाराच्या खात्यात धरला गेला आणि प्रश्नांची निवड कोणी केली, हे कृपया खाली सविस्तर लिहावे. ते छापून वहीत लावायचे आहे.