उबे म्हणजे रताळं नव्हे, कोनफळ

फिलिपिन्सच्या जांभळ्या आइस्क्रीमचे फोटो फिरताहेत आणि सोबत ओळ असते: 'उबे म्हणजे जांभळं रताळं, घरी सहज करा.' हे चूक आहे.

उबे म्हणजे आपलं कोनफळ, शास्त्रीय नाव डायोस्कोरिया अलाटा. उंधियूत घालतात ते! घोटाळ्याचं एक कारण शेजारीच आहे: गुजरातीत या कोनफळालाच 'रताळू' म्हणतात. आपलं रताळं वेगळ्या कुळातलं. त्याचा वेल जमिनीवर पसरतो, कोनफळाचा मांडवावर चढतो.

फरक ताटातही कळतो. कोनफळ मुळात फारसं गोड नसतं, चव सौम्य, किंचित व्हॅनिलासारखी. म्हणून तर उबे हालाया हा गोड पदार्थ करताना उकडून किसलेल्या कंदात नारळाचं किंवा आटवलेलं दूध, साखर आणि लोणी घालून ते मंद आचेवर घोटत बसावं लागतं. मिश्रण कढईची कड सोडू लागलं की झालं. आपला हलवाच जणू. हालो-हालो या तिथल्या बर्फाच्या गोड पदार्थावर याचाच गोळा ठेवतात. फिलिपिन्समधल्या बोहोल बेटावरचं किनाम्पाय जातीचं उबे सुवासासाठी नावाजलेलं आहे.

'रंग सगळा कृत्रिम' असंही म्हटलं जातं, तेही सरसकट खरं नाही. जांभळा रंग कंदातल्या अँथोसायनिन या नैसर्गिक रंगद्रव्याचा असतो. बाजारातल्या अनेक केक-आइस्क्रीममध्ये मात्र रंग आणि अर्क घालतात, तेव्हा पाकिटावरची घटकांची यादी वाचा.

आणि कोनफळ कच्चं खाऊ नका. सोलतानासुद्धा काहींच्या हाताला खाज सुटते, हाताला तेल लावून घ्या.