फिलिपिनो ना 'विसरलेले हिंदू', ना अर्धे स्पॅनिश

'फिलिपिन्स: एक विसरलेलं हिंदू राष्ट्र' हे फॉरवर्ड काल आत्याने फॅमिली ग्रुपवर टाकलं आणि वर मर्चंट नेव्हीतल्या माझ्या भावाला सांगितलं, तुझ्या जहाजावरच्या फिलिपिनो बोसनला (डेकवरच्या खलाशांच्या मुकादमाला) वाचून दाखव. हा पठ्ठ्या दाखवेलही, म्हणून घाईने लिहितोय.

मेसेज काय म्हणतो, तर मूळचे लोक भारतातून गेलेले हिंदू, मग स्पॅनिश आले, त्यांच्याशी संकर होऊन आजचे फिलिपिनो झाले (पुरावा: आडनावं), आणि डोंगरातले काळे, कुरळ्या केसांचे आएता म्हणजे स्पॅनिशांनी आफ्रिकेतून आणलेले गुलाम.

हे शेवटचं वाचून डोकंच फिरलं. अहो, आएता आणि त्यांच्यासारखे इतर गट हे त्या बेटांवर सगळ्यांच्या आधी पोचलेले लोक! २०२१ मध्ये स्वीडनच्या उप्साला विद्यापीठाच्या टीमने फिलिपिन्समधल्या ११५ वांशिक गटांतल्या हजारभर लोकांचा डीएनए तपासला. गेल्या ५०,००० वर्षांत किमान पाच वेगवेगळी स्थलांतरं झाली आणि त्यात या लोकांचे पूर्वज सगळ्यात आधीचे, असं त्यातून निघालं. त्याच वर्षी त्याच टीमला डेनिसोवन या नामशेष मानवाचा अंश आएतांमधल्या मागबुकोन गटात सापडला, तोही जगात सगळ्यात जास्त. आफ्रिकेतल्या लोकांत हा अंश जवळपास नसतोच, मग गुलामांच्या जहाजातून आला कुठून? बरं, हा नुसता वाचून सोडायचा विनोदही नाही, कारण १९९७ च्या कायद्याने तिथल्या आदिवासींना वडिलोपार्जित जमिनीवर जो हक्क मिळाला तो मुळात 'आम्ही इथले' यावरच उभा आहे, आणि हे त्यांनाच उपरे ठरवतायत.

बाकी बहुसंख्य फिलिपिनोंचे पूर्वज तैवान-दक्षिण चीनच्या बाजूने समुद्रमार्गे आले, भारतातून नाही.

आडनावांचं तर हसूच येतं. १८४९ मध्ये तिथल्या स्पॅनिश गव्हर्नर क्लाव्हेरियाने लोकांना ठरावीक आडनावं द्यायचा हुकूम काढला, कारण जो तो देला क्रुझ नाहीतर सांतोस, करवसुलीचा नुसता गोंधळ. मग आडनावांची यादी छापली आणि तिची पानं गावोगाव वाटली. आल्बाय प्रांतातल्या ओआस गावाच्या वाट्याला 'आर'ची पानं आली, आजही तिथे ज्याला त्याला 'आर'वरूनच आडनाव! सरकारी यादीतून रक्त बदलत नसतं. स्पॅनिश अंश त्या डीएनए अभ्यासातही मोजक्याच गटांत आणि थोडाच दिसला.

राहिलं हिंदू राष्ट्र. भारतीय प्रभाव होता, मान्य, मानावंच लागतं. १९८९ मध्ये लागुना प्रांतात एक ताम्रपट मिळाला, त्यावर चक्क शके ८२२, वैशाख, कृष्ण चतुर्थी, सोमवार अशी तिथी आहे. पण मजकूर काय, तर एका माणसाचं सोन्यातलं कर्ज फिटल्याची पावती, आणि भाषा मुख्यतः जुनी मलय. म्हणजे पंचांग, पदव्या, शब्द हे सगळं जावा-सुमात्राच्या व्यापारातून पोचलं, त्यासाठी भारतातून माणसांच्या झुंडी जायची गरज नव्हती. आणि 'तिथे राजे होते म्हणजे हिंदूच' हे तर्कट असेल तर १५७१ मध्ये स्पॅनिशांनी मनिला घेतलं तेव्हा तिथे जो राजा सुलेमान होता, चांगला मुसलमान, त्याचं काय करायचं ते फॉरवर्डवाल्यांनीच सांगावं.