‘डिट्का नुसता नशीबवान’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. अमेरिकन फुटबॉलमधला जुना खेळाडू आणि प्रशिक्षक माइक डिट्का याच्यावरच्या माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया वाचली. राग निवळल्यावरच लिहावं म्हणून थांबलो होतो.

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: शिकागो बेअर्स संघाला 1985 चा मोसम बचाव प्रशिक्षक बडी रायनच्या बचावाने जिंकून दिला, मुख्य प्रशिक्षक डिट्का कडेला उभा राहून नुसता ओरडत होता, चेंडू घेऊन धावणारा स्टार खेळाडू वॉल्टर पेटन याच्यावर त्याने अन्याय केला, नंतर न्यू ऑर्लिन्सला प्रशिक्षक असताना तिथल्या संघाची वाट लावली, आणि ‘कोल्हापुरात वाढलेल्यांनी आम्हाला अमेरिकन फुटबॉल शिकवू नये.’

हे शेवटचं आधी घेतो, कारण लागलंय ते तेच. लेख हवा तेवढा झोडपा, माझी ना नाही. पण माणसाचं गाव कशाला काढायचं? कोल्हापुरातला तालमींचा फुटबॉल काय असतो हे तुम्हाला माहीत नसावं. मी तालमीकडून बॅकला खेळलोय. शाहू स्टेडियम फॉरवर्डच्या नावाने घुमत असतं आणि घोटा सुजलेला बॅक बूट हातात घेऊन घरी जातो. तो खेळ वेगळा, हा वेगळा, एवढं मला कळतं. पण दुसऱ्याला वाट मिळावी म्हणून स्वतःच्या अंगावर घेणारा गडी ओळखायला मला तुमचं सर्टिफिकेट नको. नोकरीमुळे मी पिट्सबर्गला बरीच वर्षं काढली. डिट्का वाढला ते ओहायो नदीकाठचं अलिक्विपा पाहिलंय. पोलाद कारखान्याच्या जिवावर उभं राहिलेलं गाव. माझे वडील सूतगिरणीत होते. असल्या गावातल्या पोराला मैदानावर अंग चोरणं का जमत नाही, हे मला पुस्तकातून वाचावं लागलं नाही.

पिट्सबर्गच्या पिट विद्यापीठात डिट्का पास झेलायचा, बचावात उतरायचा, वर पंटही (चेंडू लांब लाथाडणं) मारायचा. 1961 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात तिथे, बेअर्सनी त्याला पाचव्या क्रमांकावर उचललं. त्याची जागा टाइट एंडची. तोवर टाइट एंड म्हणजे मुख्यतः टॅकलच्या, म्हणजे फळीच्या टोकाच्या गड्याच्या, शेजारी उभं राहून समोरच्याला रेटणारा माणूस. डिट्काने पहिल्याच मोसमात 56 झेल घेतले, 1,076 यार्ड काढले, 12 टचडाउन (चेंडू समोरच्याच्या गोलरेषेपार नेणं) केले. आणि हे सगळं करून रेटायचं कामही सोडलं नाही. हॉल ऑफ फेममध्ये गेलेला पहिला टाइट एंड तोच, 1988 साली. तुमच्या प्रतिक्रियेत यातलं अक्षरही नाही. खेळाडू डिट्का तुम्ही गाळूनच टाकलात, आणि वर मला ‘अर्धवट माहिती’ म्हणता.

आता रायन. तो बचाव रायनचाच होता, हे मी लेखातही लिहिलंय. डिट्का यायच्या आधीच खेळाडूंनी मालक जॉर्ज हालास यांना पत्र लिहून रायनला राखून घेतलं होतं. म्हणजे 1982 ला मुख्य प्रशिक्षक म्हणून आलेल्या डिट्काच्या हाताखाली असा माणूस होता, जो त्याने निवडला नव्हता आणि ज्याच्याशी त्याचं पटत नव्हतं. तरी संघ फुटू न देता 15 विजय, एकच हार, आणि सुपर बोल या अंतिम सामन्यात न्यू इंग्लंडवर 46-10 असा विजय. पुढे रायन फिलाडेल्फियाला गेला. तुमच्या हिशेबाने तिथेच सगळं कोसळायला हवं होतं. झालं काय? 1985 ला बेअर्सनी अख्ख्या मोसमात समोरच्यांना 198 गुण करू दिले होते, रायन नसताना 1986 ला 187. मोसम 14 विजय, 2 हार. पुन्हा सुपर बोल मिळाला नाही, खरं आहे. पण 1988 ला 12-4 करून ते कॉन्फरन्सच्या (लीगच्या अर्ध्या भागाच्या) अंतिम सामन्यापर्यंत गेले. हे आकडे कुठेही मिळतात, आणि ‘नुसता नशीबवान’ असं ठोकून देण्याआधी ते बघायला फार वेळ लागत नाही, राव.

पेटनबद्दल मात्र तुमचं बरोबर आहे. त्या सुपर बोलमध्ये गोलरेषेपासून एक यार्डावरून चेंडू बचाव फळीतल्या विल्यम पेरीला दिला आणि पेटन टचडाउनविना राहिला. याची खंत खुद्द डिट्कानेच वेळोवेळी बोलून दाखवली आहे. मुद्दा तुमचा, मान्य.

न्यू ऑर्लिन्सचे तीन मोसम वाईट गेले, 1999 ला तर 3-13. रिकी विल्यम्स या एका खेळाडूसाठी ड्राफ्टमधल्या त्या वर्षीच्या सगळ्या निवडी देऊन टाकल्या, तेही खरं. पण माझा लेख शिकागोवर होता, त्यामुळे त्यात पडत नाही. ‘टीव्हीवरचा भडक माणूस’ वगैरे बाकीच्या शेऱ्यांना उत्तर देण्याची मला गरज वाटत नाही.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. 1986 च्या त्या 187 गुणांचं श्रेय तुम्ही कोणाला देता ते लिहा. नवा बचाव प्रशिक्षक विन्स टोबिन असं उत्तर असेल तर त्यावर जरूर बोलू. माझं गाव मात्र पुन्हा मध्ये आणू नका.