ईडी कुठे टाकताय?

आज एका घरी दिवाळीच्या फराळाला गेलो होतो. (इथे न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये दिवाळी तिथीला येत नाही, शनिवारी येते.) चकलीचा पहिला तुकडा मोडते न मोडते तोच प्रश्न आला, "मग, ईडी कुठे टाकताय?" सासूबाई पुण्याहून व्हिडिओ कॉलवर होत्या, त्यांचा चेहराच पडला. "ईडी? अगं बाई, काय केलंत तुम्ही तिकडे?" सगळे हसले. मला हसू आलं नाही. मुलगा शेजारीच उभा होता, ताटलीतली शेव चिवडत.

तर सासूबाई, ही अर्ली डिसिजन. एकाच कॉलेजला, बहुतेक ठिकाणी १ नोव्हेंबरपर्यंत, अर्ज करायचा आणि मुलाने, पालकांनी, शाळेच्या काउन्सेलरने सही करून द्यायची, की घेतलंत तर येणारच, बाकीचे अर्ज मागे घेणार. उत्तर डिसेंबरच्या मध्याला. साखरपुडाच म्हणा, मुलगी न बघता केलेला.

तीन वर्षांपूर्वी लेकीच्या वेळी ही सही मी केलीय. रात्रीचे पावणेबारा, स्वयंपाकघरातलं टेबल, लॅपटॉपशेजारी गार झालेली खिचडी. ती म्हणाली, "आई, मला हेच हवंय ना नक्की?" मी म्हणाले, "आधी सबमिट कर, मग बोलू." ते बोलणं राहिलंच.

आज तिथले एक गृहस्थ छातीठोकपणे सांगत होते, प्रिन्स्टनला ईडी टाका. अहो, प्रिन्स्टनला ईडी नाहीच! हार्वर्ड, येल, स्टॅनफर्डलाही नाही. तिथे अर्ली ॲक्शन असते, म्हणजे अर्जही लवकर, उत्तरही लवकर; तिच्या अटी वेगळ्या, पण ती बांधून घेत नाही. एवढंही माहीत नसताना दुसऱ्याच्या पोराला सल्ले कसले देता?

हो, ईडीने संधी वाढते. पेन म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ पेनसिल्व्हेनियासारखी कॉलेजं पहिल्या वर्षाचा जवळपास अर्धा वर्ग त्यातूनच भरतात. आर्थिक मदत पुरेशी नसेल तर नाही म्हणता येतं, तेही मान्य. पण दोघं नोकरी करणारे, घराचा हप्ता फेडणारे आपण कागदावर श्रीमंतच दिसतो. वर्षाचं बिल ९० हजार डॉलरच्या घरात, आणि घासाघीस करायला हातात दुसरी ऑफरच नाही! कोथिंबिरीसाठी पटेल ब्रदर्समध्ये पाच जुड्या उलटून बघणारी माणसं आपण.

लेकीला मिळालं. पेढे वाटले, गाडीच्या काचेवर कॉलेजचा स्टिकर लावला. मार्चअखेर तिच्या मैत्रिणी प्रवेशाची चार-चार पत्रं घेऊन त्याच टेबलावर तुलना करत बसल्या होत्या आणि ही त्यांना चहा करून देत होती. गेल्या थँक्सगिव्हिंगला सहज म्हणाली, "वाईट नाहीये गं तिथे. पण मी निवडलं असं कधी वाटलंच नाही."

त्या गृहस्थांवर चिडले खरी. पण तीन वर्षांपूर्वी फराळाच्या ताटावर हाच प्रश्न विचारत फिरणारी मीच होते.

रटगर्सचा, म्हणजे इथल्या सरकारी विद्यापीठाचा, अर्ज अर्ली ॲक्शनला जातोय, एवढंच ठरलंय. ईडीचं विचारलं तर चिरंजीव म्हणतात, "बघतो." आत्ता तो त्याच टेबलाशी बसलाय. मी काही बोलत नाहीये, खिचडी गरम करून ठेवलीय.

आणि कृपा करून इनबॉक्समध्ये कॉलेजांच्या याद्या पाठवू नका.