श्वान देऊन जबाबदारी संपू नये

अमेरिकेत कंपन्यांच्या मदतीने माजी सैनिकांसाठी श्वान प्रशिक्षित केले जातात, हा लेख मी दोनदा वाचला, कारण बुलढाणा जिल्ह्यातील आमच्या गावी सैन्यातून निवृत्त होऊन आलेले माझे काका आजही वरातीतला फटाका वाजला की घामाघूम होऊन दाराआड उभे राहतात. दुःस्वप्नातून जागे करणारा, गर्दीत माणसाभोवती मोकळी जागा राखणारा श्वान तयार व्हायला साधारण दीड-दोन वर्षे लागतात. हा खर्च पेन्शनीतून पेलणारा नाही. आपल्याकडे कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ नुसार ठरावीक मर्यादेवरील कंपन्यांना मागील ३ वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करावी लागते, आणि त्या कामांच्या यादीत माजी सैनिक व युद्धविधवांचे कल्याण स्पष्टपणे नमूद आहे. लष्कराचे श्वान मेरठला घडवले जातात, त्यामुळे जाणकारांचीही वानवा नाही. मात्र श्वान सुपूर्द करून, छायाचित्र काढून कंपनीने मोकळे होऊ नये. आमच्याकडे पशुवैद्यासाठी तालुका गाठावा लागतो, वैशाखात वावरातली जमीन पायाला चटके देते. तेव्हा त्या श्वानाच्या आहाराची आणि उपचारांची आयुष्यभराची तरतूद करारातच लिहिलेली असावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.