काचेवरचा कागद

आमच्या गाडीची सीट गरम होते की नाही, या एका प्रश्नावरून न्यू जर्सीतला गेल्या वर्षीचा अख्खा जानेवारी आमच्या घरात तापलेला होता. तापत नव्हती ती फक्त सीट.

गाडी 2016 सालची. मराठी मंडळात ओळख झालेले एक काका काकूंसह कायमचे पुण्याला परतायला निघाले, तेव्हा त्यांच्याकडून ती आम्ही विकत घेतली. "फुल्ली लोडेड आहे रे, डोळे मिटून घे," असे त्यांनी पाठीवर हात ठेवून सांगितले आणि मी खरोखरच डोळे मिटून घेतली. पहिली कडाक्याची थंडी पडल्यावर गिअरच्या शेजारी बोटाच्या पेराएवढा एक काळा चौकोन आमच्या नजरेस आला. त्यावर कसलेही चित्र नव्हते. बायकोच्या मते हेच सीट गरम करण्याचे बटण होते आणि त्यावरचे चित्र वापरून झिजले होते. माझ्या मते, ज्या गिऱ्हाइकाने जादा पैसे मोजलेले नसतात त्याच्या गाडीतले भोक बुजवायला कंपनी जे बूच बसवते, ते हे होते. आम्ही आळीपाळीने ते दाबून पाहिले. "अहो, जरा जीव लावून दाबा," असे ऐकल्यावर मी इतका जीव लावला, की नख दुखावले. बूच ढिम्म हलले नाही, पण तिचे मतही हलले नाही.

अखेर ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने तोडगा सुचवला, की गाडीचा मूळ विंडो स्टिकर मिळव, म्हणजे वाद मिटेल.

अमेरिकेत नवी गाडी विक्रीला उभी असते तेव्हा तिच्या काचेवर एक भलामोठा कागद चिकटवलेला असतो. आपल्याकडे लग्नाच्या बैठकीत याद्या होतात, तशीच ही गाडीची यादी: मूळ किंमत किती, वरून काय काय बसवले आणि त्या प्रत्येकाचे किती, कारखान्यातून दुकानापर्यंत आणण्याचे भाडे किती, शेवटची जुळणी कोणत्या गावी झाली, हे सगळे त्यावर छापावेच लागते. पूर्वी विक्रेते समोरच्याचा चेहरा पाहून तोंडाला येईल ती किंमत सांगत. त्याला आळा घालण्यासाठी ओक्लाहोमाचे सिनेटर माइक मॉन्रोनी यांनी 1958 मध्ये कायदा करवून घेतला, म्हणून या कागदाला आजही मॉन्रोनी स्टिकर म्हणतात. गाडी गिऱ्हाइकाच्या ताब्यात जाण्याआधी कोणी तो मुद्दाम काढला, तर हजार डॉलरपर्यंत दंड किंवा वर्षापर्यंत कैद, किंवा दोन्ही. आणि ज्याच्यासाठी सरकारने एवढे रान उठवले, तो गिऱ्हाईक गाडी घरी आणल्यावर पहिले काम कोणते करतो, तर कागद टराटरा ओढून काढतो आणि उरलेला गोंद नखाने खरवडत बसतो. काकांनीही तेच केले होते.

तो कागद पुन्हा मिळवायचा तर गाडीचा व्हिन, म्हणजे आपल्याकडच्या भाषेत चॅसिस नंबर, लागतो. लहानपणी वडिलांच्या स्कूटरच्या कामासाठी आरटीओत गेलो होतो, तेव्हा एजंटाने त्या नंबरावर पातळ कागद धरून पेन्सिल घासली होती आणि कागदावर आकडे अलगद उमटले होते. इथे तो नंबर पुढच्या काचेच्या आत, डॅशबोर्डच्या डाव्या कोपऱ्यात, एका पट्टीवर असतो. मी बर्फात उभा राहून फोनने त्याचे सहा फोटो काढले. त्यांतल्या चारांत माझा चेहरा आला, एकात शेजाऱ्याचे झाड आणि एकात नंबर, पण तोही अर्धाच. उरलेला भाग वायपरच्या आड राहिला होता. शेवटी तोंडाच्या वाफेने धुरकट झालेली काच बाहीने पुसत, एकेक अक्षर मोठ्याने म्हणून, ते मी हातमोजा घातलेल्या हाताने पावतीच्या मागे लिहून घेतले.

नंबर सतरा ठिकाणांचा. संगणकाने तो फटकन नाकारला, कारण शून्याच्या जागी मी ओ लिहिला होता. आकड्यांशी घोळ होऊ नये म्हणून या नंबरात आय, ओ आणि क्यू ही अक्षरे 1981 पासून वापरतच नाहीत, हे मला नंतर कळले. शून्य घातला, तरी नकार. नववे ठिकाण म्हणजे या नंबराचा चौकीदार आहे: प्रत्येक अक्षराला एक किंमत आणि प्रत्येक जागेला एक वजन, त्यांच्या गुणाकारांची बेरीज करून तिला अकराने भागायचे आणि बाकी राहील ती नवव्या जागी आली पाहिजे; बाकी दहा उरली तर तिथे एक्स. माझ्या हातमोज्याने 8 चा बी केला होता आणि तो या भागाकारात पकडला गेला. शाळेत भागाकाराने मला जे केले, तेच त्याने पन्नाशीत पुन्हा केले.

बरोबर नंबर मिळाल्यावर पहिल्यांदा सरकारी संकेतस्थळावर तो फुकट उलगडून पाहिला. पहिला आकडा 1, म्हणजे गाडी अमेरिकेत बनली. दहावे अक्षर जी, म्हणजे 2016. अकराव्या जागी कारखाना, तो इंडियानातला. इंजिन किती लिटरचे, हेही समजले. गाडीला दारे चार आहेत असेही त्याने खात्रीपूर्वक सांगितले, पण ती मी मोजली होती. सीटविषयी सरकारने अवाक्षर काढले नाही.

मग एक खासगी संकेतस्थळ सापडले. "तुमची गाडी सापडली!" असे त्याने जाहीर केले, हिरवी पट्टी हळूहळू पुढे सरकली आणि शंभर टक्क्यांना पोहोचताच दहा डॉलर मागितले. एवढे थांबल्यावर नाही कसे म्हणणार? मी भरले. आलेला कागद देखणा होता आणि त्यावर गरम होणाऱ्या सीटही होत्या. बायकोने तो हातात घेऊन विजयी मुद्रेने वाचला आणि रंगापाशी थबकली. कागदावरची गाडी पांढरी होती, दारातली राखाडी. व्हिनमध्ये गाडीचा रंग नसतोच. त्या भल्या लोकांनी नंबरावरून मॉडेल ओळखले होते आणि उरलेले कल्पनेने भरले होते. ज्योतिषी पत्रिकेवरून स्वभाव सांगतो तसे. त्या एकाच गाडीवर काय काय चढवले, हे शेवटच्या सहा आकड्यांपुढे नोंदलेले असते, आणि ती नोंद गाडी बनवणाऱ्या कंपनीकडे असते.

म्हणून कंपनीला फोन लावला. पलीकडची बाई फार सौजन्याने बोलत होती. मी अक्षरे सांगू लागलो, तशी ती प्रत्येकाची खातरजमा करू लागली. मी "टी ठाण्याचा" म्हणालो, तिने विचारले, "थॉमसचा टी?" मी घाईने होकार दिला. पुढे जी आला. "जॉर्जचा जी?" असे तिने विचारताच माझ्या मराठी कानाने बंड केले. जॉर्ज ज ने सुरू होतो हे आम्ही बालवाडीत शिकलो, म्हणून मी ठामपणे सांगितले, "नाही, गणपतीचा जी." पलीकडे शांतता पसरली. मग, "सर, गणपतीचे स्पेलिंग सांगता का?" मी सांगितले. "म्हणजे जॉर्जचाच जी," ती म्हणाली, आणि आम्ही दोघेही दमून पुढच्या अक्षराकडे वळलो.

दोन दिवसांनी ईमेलने कागद आला. रंग राखाडी. जुळणी इंडियानात. वाहतुकीचे भाडे 835 डॉलर. गरम सीटचा उल्लेख नाही. मी तो छापून, काही न बोलता, चहाच्या कपाशेजारी ठेवला. बायकोने चष्मा लावून वरपासून खालपर्यंत वाचला. सीटचा विषय निघालाच नाही. तिचे बोट मात्र खालच्या एका ओळीवर थांबले. "रबरी फ्लोअर मॅट्स, चार नग, 199 डॉलर. आपल्या गाडीत तर जुन्या कार्पेटचे तुकडे आहेत. हे मॅट्स कुठे गेले?"

काकांना व्हिडिओ कॉल लावला तेव्हा पुण्यात संध्याकाळ होती. आधी मी सीटचे विचारले. "अरे, सात हिवाळे बसलो मी तिच्यावर," काका म्हणाले. "गरम होते की! पाच मिनिटं निवांत बसायचं, आपोआप होते." इतक्यात बेल वाजली आणि काका फोन हातात धरूनच दार उघडायला गेले. पडद्यावर आधी छत हलले, मग भिंत, मग उंबरा. उंबऱ्याबाहेर काळा, जाड, कडा उचललेला रबरी मॅट अंथरलेला होता, त्यावर काकूंच्या चपला, काकांचे बूट आणि कुणाच्या तरी ओल्या फ्लोटर्स होत्या, आणि फ्लोटर्सच्या मधोमध आमच्या गाडीच्या कंपनीचे बोधचिन्ह अगदी स्वच्छ दिसत होते.

"एक दारात आहे," बायको माझ्या कानाशी पुटपुटली, "बाकीचे तीन बघायला आत न्यायला सांगा."